टाइप म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे

महोदय,

विज्ञान पुरवणीतला कंपायलरवरचा, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा, लेख आवडला, पण त्यातल्या एका विधानाबद्दल लिहिणे मला भाग आहे. टाइप (मूल्य पूर्णांक आहे, अक्षर आहे की आणखी काही, हे सांगणारा प्रकार) म्हणजे व्हेरिएबलला, मूल्य साठवणाऱ्या नावाला, लावलेली चिठ्ठी, असे लेखक म्हणतात. मी कंपायलर हा विषय शिकवते. विद्यार्थीही हीच समजूत घेऊन वर्गात येतात आणि ती काढायला फार वेळ जातो.

कंपायलरच्या आत टाइप हा मेमरीत स्वतःचा पत्ता असलेला ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एक संच, असतो. प्रोग्राममध्ये ३२ बिटांचा पूर्णांक कितीही ठिकाणी येवो, एलएलव्हीएम ही कंपायलर बनवण्याची प्रणाली एका कॉन्टेक्स्टमध्ये (तिच्या एका स्वतंत्र कार्यक्षेत्रात) त्याचा ऑब्जेक्ट एकदाच तयार करते. पुन्हा मागितला की तोच पत्ता हाती येतो. फंक्शनचा टाइप हवा असेल, तर त्याच्या घटक टाइपांवरून आधी हॅश टेबलमध्ये, म्हणजे झटपट शोधता येणाऱ्या तक्त्यात, शोध होतो. सापडला तर जुना, नाहीतर नवा. त्यामुळे दोन टाइप एकच आहेत का हे पाहताना आतली रचना उलगडत बसावे लागत नाही, दोन पत्ते जुळले की झाले. रस्ट या भाषेचा कंपायलरही असेच करतो. या कल्पनेचे मूळ जुने आहे: सारख्या राशी हॅशिंगने हुडकण्याची युक्ती सोव्हिएत संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई एर्शोव्ह यांनी १९५८ मध्येच मांडली होती.

लेखात यायलाच हवी होती ती गोष्ट पुढची. लिंक्ड लिस्ट ही एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी; तिच्या नोडमध्ये, म्हणजे एका नोंदीत, नोडचाच पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, असतो. मग टाइप पूर्ण होण्याआधी त्याचा पॉइंटर बनतो कसा? सी भाषेत स्ट्रक्टचे (अनेक फील्ड, म्हणजे घटक, एकत्र बांधणाऱ्या टाइपाचे) नाव वाचताच कंपायलर त्याचा अपूर्ण टाइप तयार करतो. पॉइंटरला किती जागा लागते हे आधीच ठाऊक असते, म्हणून तो चालतो. महिरपी कंस बंद झाला की टाइप पूर्ण होतो. पॉइंटरऐवजी अख्खा नोडच आत लिहिला, तर त्याचा आकार अजून ठरलेला नसतो आणि ‘फील्डचा टाइप अपूर्ण आहे’ ही एरर येते. किती मुले ही एरर पाठ करतात, कारण न समजता!

टाइपमध्ये काय ठेवायचे हेही कंपायलर लिहिणारेच ठरवतात, आणि ठरवलेले बदलतातही. एलएलव्हीएममध्ये पूर्वी पूर्णांकाचा पॉइंटर आणि दशांश संख्येचा पॉइंटर हे वेगळे टाइप होते. २०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून तो भेद न पाळणे हीच नेहमीची पद्धत झाली, १७ व्या आवृत्तीत जुनी पद्धत काढूनच टाकली. आता मेमरीतून काय वाचायचे ते वाचण्याची सूचनाच सांगते. एका पॉइंटरचे रूपांतर दुसऱ्यात करणाऱ्या असंख्य सूचना त्यामुळे अनावश्यक ठरल्या.

पुढच्या भागासोबत क्लँग या सी कंपायलरने छापलेल्या सिंटॅक्स ट्रीचा (प्रोग्रामची रचना झाडासारखी दाखवणाऱ्या आराखड्याचा) एखादा तुकडा द्यावा, ही विनंती. टाइपडेफ या सूचनेने टाइपाला दिलेले दुसरे नाव आणि त्यामागचा मूळ टाइप त्यात शेजारी शेजारी दिसतात.

आपली,
कंपायलर विषयाची एक प्राध्यापिका