पीएच.डी.च्या पुढची तीन वर्षे : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वित्तीय अर्थशास्त्रात पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी राज्याची अधिछात्रवृत्ती सुरू करण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

वित्तीय अर्थशास्त्रात पीएच.डी. होऊन मला चार वर्षे झाली असून सध्या मी दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो. माझा प्रबंध एका जिल्ह्यातील पतसंस्थांच्या ठेवी आणि थकबाकी या विषयावर होता. वार्षिक सर्वसाधारण सभेआधी सभासदांना वाटल्या जाणाऱ्या अहवालाच्या पातळ पुस्तिका आपण पाहिल्याच असतील : आधी अध्यक्षांचे मनोगत, मग संचालकांची छायाचित्रे आणि अखेरच्या पानांवर बारीक अक्षरांत ताळेबंद. अशा शेकडो पुस्तिकांतले आकडे मी हाताने उतरवून घेतले. एका संस्थेच्या थकबाकीत व्याज धरलेले असे, तर दुसरीच्या थकबाकीत केवळ मुद्दल. एका संस्थेला लेखापरीक्षणात 'अ' वर्ग मिळालेला, पण बुडीत कर्जांची तरतूद तीन वर्षे त्याच आकड्यावर थांबलेली. हे सगळे एकमेकांशी ताडून पाहता येईल अशा रूपात आणेपर्यंत अधिछात्रवृत्तीची मुदत संपली, आणि ज्या प्रश्नासाठी ही खटपट केली, तो प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

रिझर्व्ह बँक, शेअर बाजारांवर देखरेख करणारी सेबी आणि देशातले दोन्ही मोठे शेअर बाजार मुंबईत आहेत; पुण्यात १९३० पासून अर्थशास्त्राची गोखले संस्था आहे आणि गोरेगावला रिझर्व्ह बँकेनेच १९८७ मध्ये उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. तेव्हा उणीव संस्थांची नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअर वा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांत) व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता, हे सेबीला सांगता आले, कारण प्रत्येक व्यवहाराची नोंद संगणकावर होती. पतसंस्थेत मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या पैशाबद्दल असे ठामपणे कोणीच सांगू शकत नाही.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढण्याची मुभा होती. १९९३ पासून एक लाखावर अडकलेली ठेव विम्याची मर्यादा त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, पाच लाखांवर गेली. ती बँक होती म्हणून हे झाले. पतसंस्थांच्या ठेवींना तो विमा लागूच होत नाही. मग संस्था बुडण्याआधी कोणते आकडे हलू लागतात, हे शोधण्याला किती महत्त्व आहे, ते मी वेगळे सांगायला नको.

बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे अनेक गुणी मुले पीएच.डी.पर्यंत पोहोचली, याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. पण पुढे वाट अरुंद होते. केंद्राची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल योजना विज्ञान व अभियांत्रिकीसाठी आहे, आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या योजनेत साऱ्या सामाजिक शास्त्रांचे देशभरातले उमेदवार असतात.

म्हणून विनंती अशी की, राज्याने वित्तीय अर्थशास्त्रासाठी तीन वर्षांच्या निदान दहा जागा निर्माण कराव्यात आणि केंद्राने जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधन सहायकासाठी) ठरवलेले दरमहा ५८,००० रुपयांचे किमान मानधन त्यांना द्यावे. सहकार खात्याशी बोलून उपनिबंधक कार्यालयांतील लेखापरीक्षण अहवाल या संशोधकांना पाहू द्यावेत. ही परवानगी नसेल, तर नुसत्या मानधनाने फारसे साधणार नाही. निष्कर्ष मराठीतही प्रसिद्ध करण्याची अट जरूर घालावी, कारण ठेवीदार मराठीच वाचतो.

या जागांवर माझी निवड होवो वा न होवो, मी तयार केलेले सर्व तक्ते निवड झालेल्या संशोधकाला विनामूल्य देण्यास मी तयार आहे.

आपला नम्र,
तासिका तत्त्वावरील एक अर्थशास्त्र अध्यापक