बाळाच्या वाटीतलं पाणी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या कुटुंब पुरवणीत बाळाच्या घरगुती खाऊवर आणि लहान मुलांच्या घरासाठी फेंग शुईवर मजकूर एकाच पानावर आला. दोन्ही विषय घरोघरी जिव्हाळ्याचे. पण 'पातळसर पेज', 'थोडं तूप', 'चिमूटभर नाचणी' एवढ्यावर पहिल्यांदा आई झालेल्या मुलीने काय करावं? बाळाच्या जेवणात माप आणि दाटपणा या दोनच गोष्टींवर सगळं अडतं आणि नेमक्या त्याच राहून गेल्या आहेत. म्हणून हे पत्र.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. पुढे अंगावरचं दूध चालू ठेवून सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. पोट मात्र इवलंसं असतं. वजनाच्या किलोमागे ३० मिलिलिटर धरलं, तर सात किलोच्या बाळाचं पोट सुमारे २१० मिलिलिटरमध्ये भरतं. ते डाळीच्या वरच्या निवळ पाण्याने भरलं की बाळ तोंड फिरवतं आणि घरातले समाधानाने म्हणतात, पोटभर जेवलं. डाळ राहते पातेल्याच्या तळाशी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते २३ महिन्यांच्या बाळांपैकी जेमतेम ११ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळत असल्याचं दिसलं. गरिबी हे त्यामागचं मोठं कारण आहेच. पण डबे भरलेल्या स्वयंपाकघरांतही बाळाच्या वाटीत पाणीच जास्त असतं.

मुगाच्या खिचडीचं माप असं. तांदूळ ३० ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे शीग लावून, मुगाची डाळ १५ ग्रॅम म्हणजे तसाच एक. धुऊन एक वाटी, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात, लाल भोपळ्याची फोड घालून कुकरच्या भांड्यात चार-पाच शिट्ट्या. वाढताना वरून एकूण एक चहाचा चमचा तूप. यातून साधारण २०० कॅलरी मिळतात. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करून हळूहळू दर वेळी अर्ध्या वाटीवर यायचं, दिवसातून दोन-तीनदा. दाटपणा ओळखायची खूण सोपी आहे: चमचा तिरका केला तर घास ओघळू नये, सावकाश घसरावा. सरसरीत झालं असेल तर पुन्हा आटवा. आणि मिक्सर नको. मिक्सर फिरावा म्हणून पाणी घालावं लागतं, पात्यांखाली जुनं अन्न अडकतं आणि आठ-नऊ महिन्यांनंतरही गुळगुळीत लगदाच मिळाला तर बाळ पुढे बारीक गाठीसुद्धा थुंकून टाकतं. सातव्या-आठव्या महिन्यात चाळणीवर घोटून, मग पळीने रगडून, वर्षाच्या आसपास घरातलंच कमी तिखट-मिठाचं जेवण कुस्करून, अशी चढण हवी. संध्याकाळचा वाटा उष्टा होण्याआधीच बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि देताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा. ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं बाळाला देऊ नये. उन्हाळ्यात तेवढंही थांबू नये.

आता नाचणी. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तळाशी बसलेलं पांढरं 'सत्त्व' अनेक घरांत कौतुकाने केलं जातं. पण नाचणीचं कॅल्शियम, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, मुख्यतः सालीत असतं; चोथ्याबरोबर ते बरंचसं फेकलं जातं आणि हाती उरतो स्टार्च. त्यापेक्षा मोडाचं वस्त्रगाळ पीठ करावं. नाचणी निवडून, धुऊन १२ तास भिजवा. ओल्या फडक्यात सैल बांधून २४ ते ३६ तास ठेवा, मधे दोनदा पाणी शिंपडा. मोड दाण्याएवढे दिसले की पुरे. पावसाळ्यात आंबूस वास किंवा पांढरी तार दिसली तर सगळंच टाकून द्यावं, धुऊन ते सुधारत नाही. फॅनखाली कडकडीत वाळवून, तळहातावर चोळून मोड झाडा आणि मंद आचेवर फक्त खमंग वास येईपर्यंत परता. इथेच चूक होते. रंग बदलेपर्यंत भाजलं की मोड येताना दाण्यात तयार झालेलं अमायलेज, म्हणजे स्टार्च पचवणारं द्रव्य, मरतं आणि एवढी खटपट वाया जाते.

या अमायलेजचं काम समजून घेण्यासारखं आहे. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं, त्यामुळे दुप्पट पीठ घातलं तरी पेज गिळण्याइतकी मऊ राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर पुष्कळ काम झालं, पण आपल्या पाककृतींत ते उतरलं नाही. करून पाहा: घट्ट शिजलेली तांदळाची किंवा गव्हाची पेज खाली उतरवा, पाच मिनिटं निवू द्या, अर्धा चहाचा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. दहा मिनिटांत चमचा उभा राहणारी पेज पळीवाढी होते, पाण्याचा थेंब न घालता. मग एक उकळी मात्र काढायची, कारण ते पीठ कच्चं असतं. उकळत्या पेजेत आधीच टाकलं तर अमायलेज लगेच निकामी होतं आणि गुठळ्या होतात. नुसत्या नाचणीची पेज करताना पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर चढवावं, ते याच कारणासाठी. पीठ एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच. ओला चमचा बुडाला की बुरशी ठरलेली.

लोहाबद्दल थोडक्यात. पाच वर्षांखालच्या आपल्या ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला आहे, आणि नाचणी-डाळीतलं लोह अंगी कमी लागतं. पूर्ण उकडलेलं अंडं, काटे बारकाईने काढलेला मासा, मऊ शिजवलेली कलेजी, घरात जे चालत असेल ते सातव्या महिन्यापासून द्यावं. शाकाहारी घरात डाळीच्या घासावर लिंबाचे चार थेंब पिळावेत. चहात बुडवलेलं बिस्किट अजिबात नको. चहा लोह अडवतो आणि बिस्किट भूक मारतं. उष्टावणाची खीर बोटभर चाटवा, पण रोजच्या वाटीत वर्ष होईपर्यंत साखर-मीठ घालू नका. मधाचं बोट वर्ष होईपर्यंत नाहीच, गुटीतसुद्धा नाही. त्यात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या उकळीने ते मरत नाहीत.

फेंग शुईबद्दल. वारा आणि पाणी या अर्थाची ही चिनी विद्या मुळात घरासाठी, थडग्यासाठी जागा निवडण्याची: पाठीशी डोंगर, समोर पाणी, वाऱ्याचा झोत अडलेला. आपल्याकडे ती नाणी, बेडूक आणि घंटांच्या रूपाने दुकानात आली. लहान मूल असलेल्या घराने जागेची सूत्रं घ्यावीत, वस्तू सोडाव्यात. स्वयंपाक करणाऱ्याची पाठ दाराकडे नसावी, हे तिथलं एक जुनं सूत्र. रांगतं बाळ दारातून आत येतं तेव्हा ते किती खरं ठरतं! शेगडी हलवता येत नसेल तर समोरच्या टाइल्सवर दार दिसेल असा छोटा आरसा पक्का बसवा. अग्नी आणि पाणी शेजारी नसावेत, म्हणून शेगडी आणि सिंकमध्ये दोन फूट ओटा मोकळा ठेवा आणि तिथेच बाळाची वाटी-चमचा झाका. भांडी घासतानाचे शिंतोडे तिथवर येत नाहीत. पलंगाचं डोकं भिंतीला, वर तुळई नको, समोर आरसा नको, हे पाळताना पाळण्यावर माळा, जड तसबीर आणि पडद्याची दोरीही नसेल हे पाहा. भरवताना बाळाची पाठ भिंतीला, तोंड घरच्यांकडे, टीव्ही बंद.

लाल फितीतली नाणी, स्फटिकांच्या माळा आणि बटण-सेलचे दिवे मात्र रांगत्या मुलाच्या हाताला लागू देऊ नयेत; गिळलेला सेल अन्ननलिका काही तासांत जाळतो. लकी बांबूच्या भांड्यात आठवडाभर तेच पाणी राहिलं की डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. ते ठेवायचंच असेल तर दर चार दिवसांनी पाणी ओतून भांडं आतून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी बाळाची पाककृती छापताना ग्रॅम, चमचे, पाण्याचं माप आणि वय या चार गोष्टी चौकटीत द्याव्यात. आणि १९९२च्या कायद्याने, २००३च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालच्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या शिशुआहाराच्या जाहिरातीला बंदी आहे. 'घरगुती' अशी चिठ्ठी लावलेलं पाकीटही त्यातून सुटत नाही, हे आपल्या जाहिरात विभागालाही कळवावं.

आपल्या नियमित वाचक,
दोन आहारतज्ज्ञ, सातारा