रविवारी रक्तदाब तपासणी : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासद, तांडेल, खलाशी आणि घरची मंडळी,

येत्या रविवारी सकाळी ८ ते ११, बंदरावरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदाब तपासणी आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने यावं. काही दुखत नाही म्हणून घरी थांबू नका. वाढलेला रक्तदाब हा आजार बहुधा जाणवतच नाही, पण मेंदू, हृदय, मूत्रपिंडं, डोळे आतून खराब करतो.

– आधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या.
– पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसायचं. हात छातीच्या पातळीत. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा; लहान पट्ट्याने आकडा फुगतो.
– १४०/९० किंवा वर आला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. एका आकड्यावर निदान नको.
– गोळ्या चालू असतील तर सकाळची गोळी घेऊनच या, पाकीट सोबत आणा.

आकडा उतरला म्हणून गोळी सोडू नका, तो गोळीनेच उतरलेला असतो. बोटीवर जाताना जितके दिवस, त्याहून चार जास्त गोळ्या झाकणाच्या डब्यात घ्या. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही दाब चढतो, डॉक्टरांना विचारूनच घ्या.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा. त्यात खारा बांगडा, लोणचं, पापड सगळं आलं.

तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, छातीत कळ आली तर रविवारची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.