चाचांना विचारत जा रे

बाळ्या,

काल रात्री चाचांचा फोन आला होता, तू ज्यांच्याकडे बोटीच्या इंजिनांचं काम शिकतोयस त्या आपल्या चाचांचा. बाबांनी स्पीकरवर टाकला म्हणून मलाही ऐकू आलं. पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे, पण विचारत नाही म्हणाले. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, हेडचे, बोल्ट तू एका कडेने ओळीने आवळत गेलास म्हणे, त्यांचं लक्ष गेलं म्हणून बरं, सगळे परत ढिले करावे लागले. मधल्यापासून सुरुवात करायची, आलटून पालटून बाहेर जायचं, तेही एका दमात नाही, दोन-तीन फेऱ्यांत, नाहीतर हेड सारखं बसत नाही आणि त्याखालची पातळ चकती, ते गॅस्केट, गळतं. बाबांनी हे मला जेवताना परत सांगितलं, आता मलापण पाठ झालंय.

खरंतर मी काही बोलणार नव्हते. पण कळलं नाही तरी मान डोलवायची तुझी सवय मला माहितीये ना. आत्याकडे पोट दुखत होतं तरी बरंय बरंय म्हणत राहिलास, शेवटी ॲडमिट करायला लागलं.

चाचा आपणहून शिकवणार नाहीत, विचारलंस तर सांगतील. आणि नुसतं कसं करू असं नको विचारू, मी असं करणार होतो, चालेल ना, असं विचार, म्हणजे त्यांना कळतं की पोराने डोकं लावलंय. ते इंजिनात वाकलेले असताना नको, चहाला बसले की. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची ती बारीक फट, कुठल्या इंजिनाला किती ते वहीत लिहून ठेव, मोबाईलवरच्या व्हिडिओतलं इंजिन आणि तुझ्या समोरचं खारं पाणी प्यायलेलं इंजिन यात फरक असतो रे... झालं, सुरू झालं माझं भाषण. राग मानू नको.

मी नर्सरीत लागले तेव्हा कलमं बांधणाऱ्या आक्काच्या शेजारी बसायचे. आंब्याच्या कोयीची तांबूस पानांची रोपं, शेंडा छाटून मधोमध चीर, चांगल्या झाडाच्या काडीला दोन्हीकडून काप, आत बसवायची आणि पट्टी. तिची कलमं बहुतेक सगळी जगायची. काडीची पानं आठ-दहा दिवस आधीच का काढता? डोळा फुगायला. पट्टी खालून वर का? कौलावर कौल येतं तशी पट्टीवर पट्टी येते, पावसाचं पाणी आत शिरत नाही. चौकशी खातं म्हणायची मला, वैतागायची, पण सांगायची. आता नव्या मुली माझ्याकडे येतात ना, तर त्यातली गप्प बसणारी असते तिच्याकडेच माझं जास्त लक्ष जातं. काय बांधून ठेवेल नेम नाही.

आता जुलै म्हणजे तुमच्याकडे मरणाची घाई, 31 ला मासेमारीची बंदी संपते आणि 1 ऑगस्टला मिरकरवाडा बंदरात सगळ्यांनाच बोट पाण्यात हवी. त्या घाईतच विचारायचं राहतं. तू आवळलेल्या बोल्टवर माणसं समुद्रात जाणार आहेत बाळा. आणि इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात नको, बाबांच्या अंगठ्याचं तुला काय सांगायचं.

पण खरं सांगू, हात चांगला आहे असं चाचा म्हणाले ते मी आज सकाळी नर्सरीत सगळ्यांना सांगून आले. पुढचं नाही सांगितलं.

उद्याच्या एसटीने डबा पाठवतेय, कुळथाची पिठी आणि सोलं आहेत, चाचांचं वेगळं बांधलंय ते त्यांना दे. मी हे लिहिलंय ते बाबांना कळू देऊ नको, पोराच्या मागे लागू नको म्हणून मला सकाळीच ओरडलेत.

आई