छापील अवयव आणि रक्तवाहिन्या

महोदय,

यंत्राने जिवंत पेशींचे थर रचून अवयव ‘छापण्याचे’ प्रयोग चालू आहेत. ‘लवकरच मूत्रपिंड छापून मिळणार’ अशा बातम्या वाचून डायलिसिसवरचे रुग्ण आशेने बसतात. खरी अडचण त्यांना कुणी सांगत नाही. पेशी जगायची तर रक्तवाहिनी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत हवी. नाहीतर जाड ऊती (पेशींचा थर) आतून मरते. म्हणून पातळ त्वचा, कूर्चा हे साधले. रसायनाने भाजलेल्या डोळ्यांसाठी मूलपेशींचा (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचा) उपचार युरोपात २०१५ मध्ये मंजूरही झाला. मूत्रपिंड अजून दूर आहे. घाई केली की काय होते? स्टॉकहोममध्ये २०११ साली शल्यचिकित्सक पाओलो मॅकियारिनी यांनी मूलपेशी लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका बसवली, जगभर वाहवा झाली. पुढे रुग्ण दगावले, २०२३ मध्ये मॅकियारिनींना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

याउलट हार्वर्डमधील संशोधकांचे २०१० चे ‘चिपवरचे फुप्फुस’ पाहा, म्हणजे फुप्फुसासारखे काम करणारे छोटेसे उपकरण. लवचिक पडद्याच्या एका बाजूला फुप्फुसाच्या पेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या. पडदा श्वासासारखा ताणला जातो. औषधाचा अपाय माणसाच्याच पेशींवर आधी तपासता येतो. आपल्या वृत्तपत्रात अशा कामाला जागा द्यावी, आणि प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात छापावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक