नागपूरहून समुद्राविषयी : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य.

विषय : किनारा नसलेल्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांसाठी समुद्रविज्ञानाच्या निवासी अभ्यासाची सोय करण्याबाबत.

महोदय,

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात आला आहात. या दिवसांत आपल्याकडे येणारी निवेदने सिंचनाची, कापसाच्या भावाची, रखडलेल्या नेमणुकांची असतात, आणि ती तशीच असायला हवीत. माझे निवेदन समुद्राविषयी आहे. मी नागपुरात 31 वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना जी एक उणीव मनाला सतत टोचत राहते, ती आपल्या अखत्यारीतील आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात फॉर्मालिनच्या बरणीत ठेवलेला एक तारामासा होता. मी रुजू झाले त्याच्या कितीतरी आधीपासून तो तेथे होता. रंग पूर्ण गेलेला, ताठ, एका भुजेचे टोक तुटलेले. कंटकचर्मी, म्हणजे तारामाशाच्या गटाचे काटेरी त्वचेचे प्राणी शिकवताना मी तीच बरणी वर्गात फिरवत असे. विद्यार्थी तारामाशाच्या जलसंवहनी संस्थेची सुबक आकृती काढत, नलिकापादांना अचूक नावे देत आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवत. मात्र हेच शेकडो नलिकापाद पाण्याच्या दाबावर एकामागून एक पुढे सरकतात, दगडाला चिकटतात, सुटतात, आणि त्या चालीने तो प्राणी शिंपल्यावर चढून त्याची दोन्ही झाकणे उघडतो, हे त्यांपैकी जवळजवळ कोणीही डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. प्राणिजगतातील बहुतेक सर्व मोठे संघ, म्हणजे मुख्य गट, समुद्रात आढळतात, आणि कंटकचर्मींसारखे काही तर केवळ समुद्रातच. म्हणजे समुद्र न पाहता प्राणिशास्त्राची पदवी घेणारा विद्यार्थी आपल्या विषयाचा फार मोठा भाग केवळ ऐकीव माहितीवर शिकलेला असतो.

शैक्षणिक सहली होत नाहीत असे नाही. एका वर्षी आम्ही 40 विद्यार्थी घेऊन रत्नागिरीला गेलो. रात्रभराचा मुंबईपर्यंतचा प्रवास, त्यानंतर कोकण रेल्वे, आणि हाती उरले ते दीड दिवस. रेल्वेचे आरक्षण ज्या तारखांना मिळाले त्याच सहलीच्या तारखा ठरल्या होत्या, आणि तो दिवस नेमका अष्टमीचा निघाला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ कळते, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराला. पण अष्टमीची भरती-ओहोटी भांगाची असते, पाणी फारसे मागे हटतच नाही. ज्या खडकांच्या फटींत समुद्रफुले, ठिसूळतारे, शंखगोगलगायी आणि खेकडे पाहायला आम्ही इतक्या दुरून गेलो होतो, ते खडक भर दुपारीही पाण्याखालीच राहिले. मुलांनी वाळूवरचे रिकामे शिंपले गोळा केले आणि आम्ही परत निघालो. पंचांग घराघरांत असते आणि हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल, पण आम्हा शिक्षकांपैकी एकालाही तो माहीत नव्हता. समुद्र शिकायचा तर समुद्राच्या वेळापत्रकाने तेथे राहावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. माझी मुख्य मागणी त्या दुपारीच जन्माला आली.

नागपूरला समुद्राशी काय देणेघेणे, असा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. या प्रश्नाचे उत्तर शहराच्या मधूनच वाहते. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत उतरते. अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून निघालेले पाणी, आणि त्यासोबत आपण नाल्यात सोडलेले सर्व काही, शेवटी बंगालच्या उपसागराच्या दिशेने जाते. सरळ रेषेत मोजले तर नागपूरला जवळचा समुद्रही अरबी समुद्र नसून तोच आहे. गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या एका लांब स्तंभात, आपल्याच पठारावरच्या वनस्पतींच्या पानांवरील मेणाचे अंश सापडले. त्यांच्या पृथक्करणावरून गेल्या काही हजार वर्षांत मध्य भारत टप्प्याटप्प्याने कसा कोरडा होत गेला, हे शास्त्रज्ञांना वाचता आले. विदर्भ-मराठवाड्याच्या जुन्या अवर्षणांची वही समुद्राच्या तळाशी जपलेली आहे आणि ती वाचायला आपल्याकडचे विद्यार्थी फारसे कोणी जात नाहीत, याचे मला मनापासून दुःख होते.

पाण्याचा परतीचा प्रवास याहून महत्त्वाचा आहे. विदर्भाचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होऊन वायव्येकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांबरोबर येतो, आणि त्याला अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाची जोड मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासांनुसार 1901 ते 2012 या काळात पश्चिम हिंदी महासागराचे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील तापमान सुमारे 1.2 अंश सेल्सिअसने वाढले, आणि 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या विस्तीर्ण भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या. या दुसऱ्या बदलाचा संबंध त्यांनी अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या उसळ्यांशी जोडला. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा माझ्या शेजारच्या आजींना आम्ही चौघांनी खुर्चीवर बसवून वरच्या मजल्यावर नेले. त्या एका रात्रीच्या पावसाचे कारण समुद्राच्या तापमानात होते असे मी म्हणणार नाही, कारण एका घटनेवरून तसे म्हणता येत नाही. पण पेरणी उलटली की दुबार पेरणीचे बी उसने आणणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला, पाऊस जेथे तयार होतो त्या पाण्याचे विज्ञान शिकण्याचा रस्ता मोकळा असावा, एवढे मी नक्कीच म्हणू शकते.

आता जमिनीखालची गोष्ट. ही मला शिकवण्याच्या काळात उशिरा समजली आणि तेव्हापासून मी ती भेटेल त्याला सांगत आले आहे. मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या आपल्या मँगनीजच्या खाणी. त्यांतील मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला भूशास्त्रात ‘गोंडाइट’ म्हणतात, ब्रिटिश भूशास्त्रज्ञ एल. एल. फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे नाव येथल्या गोंड समाजावरून दिले, आणि आज ते जगभरच्या ग्रंथांत आहे. हे खडक मुळात अतिप्राचीन समुद्रात साचलेले थर, पुढे उष्णतेने आणि दाबाने पालटलेले. गडचांदूर-कोरपना भागातील ज्या चुनखडकावर सिमेंटचे कारखाने चालतात, तोही समुद्रतळाचाच. मँगनीज ओअर इंडिया म्हणजे मॉइल ही सरकारी खाण कंपनी आणि भारतीय खाण ब्यूरो, दोहोंची मुख्यालये नागपुरात आहेत.

याच मँगनीजचे दुसरे भांडार हिंदी महासागराच्या मध्यभागी सुमारे पाच किलोमीटर खोलीवर पसरलेले आहे. बटाट्याएवढे काळे गोळे, त्यांत मँगनीजसोबत निकेल, तांबे आणि कोबाल्ट. ‘गवेषणी’ या संशोधन-जहाजावरील भारतीय शास्त्रज्ञांनी 26 जानेवारी 1981 रोजी असे गोळे प्रथम वर काढले. 1987 मध्ये या कामासाठी आद्य गुंतवणूकदार म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवणारा भारत हा पहिला देश ठरला आणि आज 75,000 चौरस किलोमीटर समुद्रतळावर शोधकार्याचा अधिकार आपल्याकडे आहे. 2021 मध्ये मंजूर झालेल्या सखोल महासागर मोहिमेतून ‘मत्स्य 6000’ ही तीन माणसांना 6,000 मीटर खोल नेणारी पाणबुडी तयार होत आहे. हा गोळा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. त्या अंधारात त्याचा कठीण पृष्ठभाग हाच स्पंज आणि इतर जिवांचा आधार असतो, गोळा उचलला की आधार गेला. 1997 मध्ये आपल्याच शास्त्रज्ञांनी तेथील तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळून, गाळ बसल्यावर सूक्ष्म आणि मोठे जीव कसे व किती परततात याचा अभ्यास केला होता. हे गोळे काढायचे की नाही, काढले तर किती आणि कोठले सोडायचे, हा निर्णय पुढच्या पिढीला घ्यावा लागणार आहे. नागपूरचा खाण अभियंता त्या निर्णयात नक्की असेल. त्याच्या शेजारी बसून त्या गोळ्यावरच्या जिवाबद्दल बोलणारी नागपूरची जीवशास्त्रज्ञही असावी, अशी माझी इच्छा आहे.

समुद्र नसलेल्या शहरात समुद्रविज्ञान रुजत नाही, हा समज खरा नाही. देशाला त्सुनामीचा इशारा देणारे इन्कॉइस हे केंद्र हैदराबादला आहे. मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती तेथूनच जाते, आणि जगभरच्या समुद्रांत तरंगणाऱ्या, दर दहा दिवसांनी 2,000 मीटर खोल बुडी मारून तापमान व क्षारता मोजणाऱ्या सुमारे चार हजार आर्गो यंत्रांपैकी भारतीय यंत्रांचे कामही तेथेच चालते. या यंत्रांची सर्व मोजमापे कोणालाही विनामूल्य मिळतात. कोकणातील ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाठीवर उपग्रह-प्रक्षेपक बसवून त्यांचा माग काढणारी भारतीय वन्यजीव संस्था हिमालयाच्या पायथ्याशी, डेहराडूनला आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. उपसागरातून अरबी समुद्रात आलेली ती कासवीण ओळखता आली ती पट्टीवरच्या आकड्यामुळे आणि नीट ठेवलेल्या नोंदींमुळे. अशा नोंदी वाचायला समुद्रकाठी घर असावे लागत नाही. राज्याचे पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ तर नागपुरातच आहे, आणि त्याचे मत्स्यविज्ञान महाविद्यालयही.

माझ्या वर्गात भंडारा जिल्ह्यातील, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची एक मुलगी होती. मरळ मासा आपल्या पिलांच्या थव्याची राखण कशी करतो, हे पुस्तकात येण्याआधी तिने वर्गाला सांगितले होते, कारण वडिलांबरोबर मामा (माजी मालगुजारी) तलावावर तिने ते पाहिले होते. पदवीनंतर तिला किनाऱ्यावरच्या एका संस्थेत सागरी जीवशास्त्राला प्रवेश मिळाला. वडिलांनी मला दोनच प्रश्न विचारले : तेथे राहायचे कोठे, आणि खर्च कोण देणार? माझ्याकडे दोन्हींची उत्तरे नव्हती. आज ती एका पतसंस्थेत रोखपाल आहे, काम चोख करते. मला तिची आठवण आल्याशिवाय हे पत्र लिहिता आले नसते.

म्हणून मागणी अशी आहे. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र, भूगोल आणि मत्स्यविज्ञान या विषयांतील, किनारा नसलेल्या जिल्ह्यांतील पदवी विद्यार्थ्यांसाठी कोकणात एक महिन्याचे निवासी सत्र सुरू करावे. नवी इमारत बांधण्याची गरज नाही. किनाऱ्यावर महाविद्यालये आहेत, मत्स्यशिक्षणाच्या संस्था आहेत, कांदळवन कक्षाची यंत्रणा आहे, त्यांच्याशी करार करता येतील. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेतच, हा महिना त्यात धरावा, म्हणजे मुलांचे वर्ष वाया जाणार नाही. प्रवास आणि निवासाचा खर्च शासनाने करावा आणि मुलींच्या वसतिगृहाची हमी आधी द्यावी, कारण आमच्याकडचे पालक पहिल्यांदा तेच विचारतात. सत्राच्या तारखा उधाणाच्या ओहोटी पाहून ठरवाव्यात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत जास्त मागे हटते ते दिवस पाहून. एका महिन्यात अमावास्या आणि पौर्णिमा दोन्ही मिळतात, मुलांना खडक उघडे पडलेलेही दिसतील आणि बुडालेलेही. याशिवाय नागपुरातील एखाद्या शासकीय संस्थेत समुद्राच्या खुल्या नोंदींवर काम करणारी एक छोटी प्रयोगशाळा हवी. त्यासाठी काही संगणक आणि हैदराबादला प्रशिक्षण घेऊन आलेले दोन-तीन शिक्षक पुरेसे आहेत.

विदर्भाचा अनुशेष सिंचनाचा आणि आरोग्याचा असताना समुद्रावर खर्च कशासाठी, असे सभागृहात कोणीतरी नक्की विचारेल. त्या सदस्यांना माझे सांगणे आहे की मी सिंचनाच्या निधीतला एकही रुपया मागत नाही. रत्नागिरीच्या आणि रायगडच्या मुलांना जे राज्य शिकवते तेच गडचिरोलीच्या आणि यवतमाळच्या मुलांनाही शिकवते, आणि पाठ्यपुस्तकातला 720 किलोमीटरांचा समुद्रकिनारा या सर्वांचा आहे.

अधिवेशनाच्या काळात आपण वेळ दिलात तर सत्राचा आराखडा, अंदाजे खर्च आणि पुढच्या दोन वर्षांतील उधाणाच्या ओहोटींचे तक्ते मी सोबत घेऊन येईन. पहिली तुकडी माघ अमावास्येला जाऊ शकते. त्या सुमारास वेळास आणि आंजर्ल्याच्या वाळूत कासवांची घरटी असतात आणि पिल्ले बाहेर पडू लागलेली असतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका,
नागपूर