कानाच्या पाळीइतकी कणीक

प्रिय आब्ला,

आब्ला म्हणजे आमची ताई, म्हणून अहोजाहो करत नाही. तुला मराठी येत नाही, तरी आभार मराठीतच मानते. अंकाऱ्यातल्या तुझ्या ओट्यावर जे कळलं, ते चिरोटे करणाऱ्या हातांना चटकन उमजेल.

आधी मनातला सल. बकलावा, म्हणजे तुमची ती पातळ पाऱ्यांच्या थरांची पाकातली मिठाई, शिकवणारे तुझ्याआधीही भेटले होते. पैसे घेणाऱ्या एका वर्गात मैद्याचं वजन ग्रॅमपर्यंत लिहून मिळालं, आणि पाऱ्या एकमेकींना चिकटल्या तेव्हा उत्तर मिळालं, ‘तयार आणा’. का चिकटल्या, ते कोणी बोललं नाही.

तू माझी कणीक दोन बोटांत दाबून पाहिलीस आणि मग त्याच पिठाळ बोटांनी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरलीस. बस, एवढंच. तुर्की घरांत कणकेचं माप हेच: कानाच्या पाळीचा मऊपणा. बकलाव्याला त्याहून कणभर घट्ट. कृतीत मैद्यापुढे आकडा नसतो, ‘घेईल तेवढा’ असं असतं, आणि ते मोघम वाटतं ते पाळी चिमटीत धरेपर्यंतच. एक अंडं, २०० मिलीच्या ग्लासाने एक ग्लास दूध, अर्धा ग्लास तेल, चमचाभर व्हिनेगर आणि मीठ, एवढ्याला साधारण ६०० ग्रॅम मैदा लागतो. पण अंडं मोठं निघालं किंवा मैदा दमट असला की हा आकडा हलतो. पाळी हलत नाही. कणीक सैल राहिली तर पाऱ्यांमध्ये भुरभुरलेला स्टार्च पिऊन टाकते आणि पाऱ्या चिकटतात. घट्ट झाली तर लाटलेली मागे आक्रसते, मग आपण जोर लावतो, आणि त्या जोरानेही पाऱ्या चिकटतात. वर्गातल्या त्या ग्रॅमांत नेमकं हेच नव्हतं.

पुढचं लाटणं तर जादूच. कणीक ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायची. अक्रोडाएवढ्या ३० लाट्या. प्रत्येक आधी बशीएवढी लाटायची, मध्ये गव्हाचा स्टार्च भरपूर भुरभुरायचा, अशा दहा एकावर एक रचायच्या आणि ओक्लावाने, म्हणजे त्या बारीक लांब लाटण्याने, दहाही एकदम ३६ सेंटीमीटरच्या तबकाएवढ्या करायच्या. स्टार्चच का? त्यात मैद्यासारखा चिकटा नसतो, म्हणून तो थरांमध्ये कोरडाच राहतो. मैदा भुरभुरला तर त्याची खळ होते. आमच्या चिरोट्यात तूप नि तांदळाच्या पिठाचा साटा हे काम करतो, पण तो लाटतानाच आत असतो. तुझं तूप शेवटी येतं. स्टार्च कडेपर्यंत गेला नाही तर मधले थर सुटतात आणि कडेला एकच जाड भाकरी बनते, म्हणून तू प्रत्येक पारीची कड बोटाने चाचपत होतीस.

तुपाबद्दल एक कबुली: आमचं खमंग कढवलेलं साजूक तूप इथे चालत नाही. त्याचा वास अक्रोडावर चढून बसतो. तू २५० ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवून वरचा फेस काढलास, तळाचा पांढरा साका भांड्यातच ठेवलास आणि मधलं स्वच्छ तेवढं घेतलंस. साका थरांत गेला तर वर काळे ठिपके पडतात, पाणी शिरलं तर थर लिबलिबीत होतात. दहा पाऱ्या, जाडसर कुटलेला अक्रोड, परत दहा, परत अक्रोड, वर शेवटच्या दहा. अक्रोडाची पूड करायची नाही, तिला तेल सुटतं. (गाझियान्तेप शहरातली माणसं अक्रोडाला नाक मुरडतील. त्यांचा पिस्त्याचा बकलावा २०१३ पासून युरोपीय संघाच्या भौगोलिक मानांकनात आहे. काळ्या समुद्राकडे हेझलनट घालतात. घरचा तो घरचा.) सुरी भाजण्याआधीच तळापर्यंत चालवायची, कारण भाजल्यावर कापलं तर चुराच हाती येतो. मग गरम तूप चिरांतून ओतायचं. १७५ अंशांवर पाऊण तास, तळही तांबूस होईपर्यंत.

पाक तीन ग्लास साखर, अडीच ग्लास पाणी. तार धरायच्या आत उतरवायचा. लिंबू पिळायचं, म्हणजे तो साखरत नाही. पाक आणि बकलावा यांतलं एक गरम, एक गार. दोन्ही गरम तर लगदा, दोन्ही गार तर पाक वरच तरंगतो. आणि झाकायचं नाही! हे तू तीनदा सांगितलंस. वाफ कोंडली की सगळी मेहनत मऊ पडते.

हातचं राखून शिकवणारे कमी नाहीत. चार पदार्थ सांगतील, पाचवा गिळतील, आणि आपलं बिघडलं की त्यांना बरंच वाटेल. तू तर मी न विचारलेलंही सांगितलंस, तुझं कुठे बिघडतं तेही दाखवलंस. पोटात काही न ठेवता देणारी माणसं भेटली की परक्या गावातला ओटाही माहेरचा वाटायला लागतो.

स्वयंपाक करणाऱ्याला तुम्ही ‘एलिने साअलिक’ म्हणता, तुझ्या हातांना आरोग्य लाभो. तेच तुला. माझ्या तबकाच्या कडा अजून जाड येतात, आब्ला. बायरामच्या, म्हणजे ईदच्या, आदल्या दिवशी लाट्या करून तुझी वाट बघते. ओक्लावा तुझाच आण, माझा आखूड पडतो.

तुझी,
खालच्या मजल्यावरची